धुऱ्यावरची फळं : ओळख पटली तरच तोंडात

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

वडनेर आणि आजूबाजूच्या गावांतल्या गटांचं काम मी बघते. त्यामुळं महिन्याच्या बैठकीत तुमच्यापैकी बऱ्याच जणींची भेट होत असते. तिथं हप्ता, व्याज, कर्ज आणि नोंदवही यातच वेळ जातो. आज मात्र पैशाचं काही बोलायचं नाही. आज बोलायचं आहे वावराच्या धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला आणि कुपाटीवर आपोआप येणाऱ्या फळांविषयी. बोरं, येरोण्या, चिरबोट्या, कामोन्या, वाघाट्या. कोणी लावत नाही, कोणी पाणी देत नाही, तरी दरवर्षी येतात.

सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत. बोरं पिकायला लागली आहेत. संक्रांत जवळ आली की बोरं वाणात लागतात, लहान लेकराच्या लुटीत लागतात. शाळा सुटली की पोट्टे धुऱ्यानं फिरतात आणि जे दिसेल ते तोंडात घालतात. म्हणून हा विषय आत्ताच घेतला.

आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायांना ही झुडपं ओळखता येतात. लहानपणी ढोरांमागं फिरताना, निंदणाला जाताना आईनं नाहीतर आजीनं दाखवलेली असतात. आता लेकरं शाळेत असतात, ही काही वाईट गोष्ट नाही. पण वावरात जाणं कमी झालं आणि झुडूप दाखवणारं माणूस सोबत राहिलं नाही. फळ खायची हौस मात्र तशीच आहे. ओळख गेली आणि हौस राहिली, की धोका होतो. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळेतल्या मुलांना उलट्या झाल्या, सगळ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, अशा बातम्या आपल्या विदर्भात वारंवार येतात. तुम्हीही वाचल्या असतील.

आता कोणी म्हणेल, मग लेकरांना धुऱ्यावरचं काहीच खाऊ देऊ नका, विषयच संपला. मला ते पटत नाही. एक तर लेकरं ऐकत नाहीत. दुसरं म्हणजे ही फळं चांगली आहेत. बोरात, आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्याला पैसा पडत नाही. तेव्हा मनाई करून भागणार नाही, ओळख शिकवावी लागेल. ती कशी शिकवायची तेच आज सांगते.

आधी तीन चुकीच्या समजुती बाजूला ठेवू.

पहिली समजूत : पाखरं खातात ते माणसाला चालतं. हे खरं नाही. पाखराचं पोट वेगळं, आपलं वेगळं. कित्येक फळांचा गर पाखरू खातं आणि बी जशीच्या तशी टाकून देतं. आपलं लेकरू ती बी चावतं, आणि विष बहुधा बीतच असतं. शेळीचंही तसंच. शेळी खाते म्हणून ते आपल्याला चालेल असं समजू नका.

दुसरी समजूत : कडू ते विषारी, गोड ते चांगलं. ही सगळ्यात घातक. चंद्रज्योतीची बी चवीला गोडसर, शेंगदाण्यासारखी लागते. म्हणून तर लेकरं एकीवर थांबत नाहीत. उलट वाघाटी कडू असते आणि आषाढी एकादशीचा उपास सोडताना द्वादशीला आपण तिची भाजी मुद्दाम करून खातो.

तिसरी समजूत : चीक निघाला की ते विषारी. करवंदाला पांढरा चीक असतो, तरी पिकलं करवंद आपण खातो. धोत्र्याला पांढरा चीक नसतो, तरी धोत्रा विषारी. चीक असेल तिथं सावध राहावं हे बरोबर, पण नुसत्या चिकावर निकाल देऊ नये.

मग ओळखायचं कशावरून? एका खुणेवरून कधीच नाही. रंगावरून तर मुळीच नाही, कारण लाल आणि काळी फळं चांगलीही असतात आणि वाईटही असतात. मी पाच गोष्टी बघायला सांगते, हाताच्या पाच बोटांवर लक्षात ठेवा. एक, पान : त्याचा आकार, शिरा, खालची बाजू. दोन, काटा : आहे का, एकेक आहे की जोडीनं, सरळ आहे की वाकडा. तीन, फळ कसं लागलंय : एकटं की घोसात, उघडं की पापुद्र्याच्या आत. चार, फळ फोडल्यावर आत काय : एक आठोळी की बारीक बिया. पाच, हंगाम : हे फळ या महिन्यात यायला हवं का? पाचही गोष्टी जुळल्या तरच ओळख पटली. चार जुळल्या आणि एक जुळली नाही, तर ते फळ खाली टाकायचं.

आता एकेक झुडूप घेऊ.

बोरीपासून सुरुवात करते, ती सगळ्यांच्या ओळखीची. बोरीच्या पानाला देठापासूनच तीन ठळक शिरा निघतात. पान उलटं केलं की खालून पांढरट, लोकरीसारखं मऊ लागतं. काटे बहुधा जोडीनं असतात, त्यातला एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. म्हणून तर बोरीत अडकलेला पदर सुटता सुटत नाही. फळात एकच टणक आठोळी असते. तुळशीचं लग्न होईपर्यंत बोर खाऊ नये अशी आपल्याकडं रीत आहे. त्यामागं शहाणपण आहे. तोवर बोर कच्चं असतं, आणि सगळ्यांनी थांबलं तर पिकल्यावर सगळ्यांच्या वाट्याला येतं. एवढं मात्र करा, बोर लेकराला देताना फोडून दाखवायची सवय लावा. आत अळी असू शकते. आणि अगदी तान्ह्या लेकराला आठोळीसकट बोर देऊ नका, घशात अडकतं. लुटीच्या दिवशीही डोक्यावरून घालायच्या बोरांत हे ध्यानात ठेवा.

येरोणी ही बोरीचीच बहीण. ती पसरते, दुसऱ्या झुडपावर चढते. तिचा काटा बहुतेक एकेकटा आणि वाकडा असतो. पानाला तिच्याही तीन शिरा. फळ वाटाण्याएवढं, पिकलं की काळं आणि चकचकीत. आत एक आठोळी, गर थोडा, चव आंबटगोड. काळं चकचकीत दिसलं म्हणजे येरोणीच, असं मात्र धरू नका. काटा आणि पानाच्या शिरा बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही.

आता चिरबोटी. हिला कोणी फोपटी म्हणतं. सोयाबीनच्या, कपाशीच्या वावरात पावसाळा संपता संपता दिसते. गुडघ्याच्या आतबाहेर उंचीचं नाजूक रोपटं. फळ कागदासारख्या पापुद्र्यात असतं, छोट्या कंदिलासारखं खाली लोंबतं, आणि पानाच्या बगलेत एकेकटं असतं. पापुद्रा वाळून पिवळसर झाला आणि आतलं फळ पिवळं झालं, की ते खायचं. हिरवं कच्चं फळ खायचं नाही, त्यानं पोट बिघडतं.

हिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक आहे, ढोरगुंज. म्हणजे अश्वगंधा, जिची मुळी औषधात वापरतात. तिलाही फळाभोवती पापुद्रा असतो. लेकरं इथंच फसतात. फरक नीट ऐका. ढोरगुंजेचं झुडूप जाड, कंबरेपर्यंत वाढणारं. पानांवर राखेसारखी बारीक लव असते, त्यामुळं ती मळकट दिसतात. फळं एकेकटी नसून पानाच्या बगलेत झुबक्यानं लागतात, आणि पापुद्रा उघडला की आत लालभडक मणी दिसतो. पापुद्र्यात लाल मणी दिसला की ती चिरबोटी नाही. ही खूण लेकरांकडून पाठ करून घ्या. मुळी औषधी असली म्हणून फळ खाऊ होत नाही.

पुढची जोडी कुपाटीवर चढणाऱ्या वेलींची. रानतोंडली आणि शिवलिंगी. रानतोंडली लांबट असते, हिरवी असताना अंगावर पांढऱ्या रेघा असतात, पिकली की सगळी लाल होते आणि रेघा जातात. शिवलिंगी गोल, गोटीसारखी. तिच्याही अंगावर पांढऱ्या रेघा, पण पिकून लाल झाली तरी त्या रेघा तशाच राहतात. पान खोल कापलेलं, पाच बोटांच्या पंजासारखं. शिवलिंगी खायची नाही.

शिवलिंगीचं नाव निघालं म्हणून थोडं थांबते. तिचं बी खाल्लं की मुलगा होतो, असं सांगून बायांना ते देणारे लोक आहेत. मैत्रिणींनो, मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावरून ठरतं, आणि गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं. त्यानंतर कोणत्याही बीनं, पुडीनं, काढ्यानं ते बदलत नाही. दिवस गेलेल्या बाईच्या पोटात असलं काही घालणं म्हणजे तिच्या आणि बाळाच्या जिवाशी खेळणं. घरात सासूबाई म्हणाल्या, नणंद म्हणाली, तरी ठाम नाही म्हणा. एकटीला जमत नसेल तर गटानं तिच्या पाठीशी उभं राहायचं.

कामोनी तुमच्या परसात, उकिरड्याच्या कडेलाही उगवते. छोटं पांढरं, चांदणीसारखं फूल, मधे पिवळं. फळं मिरीएवढी, एकाच जागेवरून निघालेल्या छोट्या झुबक्यात. पूर्ण काळी झालेली लेकरं खातात. हिरवी अजिबात खायची नाहीत, हिरव्यात विष असतं. झुबक्यात काही काळी, काही हिरवी असतील तर एकेक काळं वेचून घ्यायचं, झुबका ओरबाडायचा नाही. शंका असेल तर राहू द्या, मूठभर कामोनीवाचून काही अडत नाही.

घाणेरीबद्दलही हेच. तिला टणटणी म्हणतात, आपल्याकडं रायमुनिया म्हणतात. रंगीबेरंगी फुलांचे गुच्छ, पान चोळलं की उग्र वास. तिची काळी फळं पोट्टे खातात हे मला माहीत आहे. पण तिची हिरवी फळं विषारी आहेत, आणि लहान लेकराला हिरवं-काळं निवडायचं भान नसतं. ढोरांना तिचा पाला बाधतो हे गुराख्याला विचारा. माझं सांगणं असं, की घाणेरी खायच्या यादीत घेऊच नका.

वाघाटी हा काटेरी वेल. काटे जोडीनं आणि आकड्यासारखे. उन्हाळा लागताना पांढरी फुलं येतात, त्यांचे लांब केसर बाहेर आलेले असतात, आणि फूल जुनं झालं की गुलाबी होत जातं. आषाढात लिंबाएवढी हिरवी फळं मिळतात. ती कच्ची खायची नाहीत, उकडून, पाणी टाकून भाजी करायची. ही भाजी शिकवायला आज्या आहेत तोवर सुनांनी शिकून घ्या.

आता ज्यांना हातच लावायचा नाही अशी पाच नावं. ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून अंगणवाडीत आणि शाळेत लावावीत, असं मला वाटतं.

चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड. ढोरं खात नाहीत म्हणून ती धुऱ्यावर कुंपणासाठी लावलेली असते. मधल्या काळात हिच्या तेलापासून डिझेल करायचं म्हणून तिचा बराच गाजावाजाही झाला होता. फळ आधी हिरवं, मग पिवळं, मग काळं. आत बहुधा तीन काळ्या बिया, आणि त्यांचा गर पांढरा, गोड. खाल्ल्यावर काही वेळानं उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. अंगातलं पाणी कमी झालं की लहान लेकरू लवकर हातचं जातं.

दुसरा एरंड. फळ तीन कप्प्यांचं, वरून मऊ काटे. बी चित्तरविचित्र नक्षीची, सुंदर दिसणारी. चावून खाल्ली तर जीव जाऊ शकतो.

तिसरी गुंज. लाल बी, त्यावर काळा डोळा. पान चिंचेच्या पानासारखं, वेल कुपाटीवर चढलेला. सोनार पूर्वी हिनं सोनं तोलायचे. कवच टणक असतं, म्हणून अख्खी गिळलेली बी कधी तशीच बाहेर पडते. पण चावली किंवा फोडली तर एकच बी लेकराचा जीव घ्यायला पुरते. तेव्हा गुंजेच्या माळा लेकरांच्या गळ्यात नको, खेळात नको.

चौथी बिट्टी, पिवळी कण्हेर. घराच्या कुंपणाला लावतात, फुलं देवाला वाहतात. तिची बी थेट हृदयावर परिणाम करते, ठोके मंद आणि वेडेवाकडे होतात. पोरी बिट्ट्यांनी खेळतात, तो खेळ बंद करा.

पाचवा धोत्रा. काटेरी गोळ्यासारखं फळ. बी मिरचीच्या बीसारखी दिसते. पोटात गेली तर तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बडबड करायला लागतं, ओळख विसरतं. बाहेरचं झालं म्हणून कोणाकडं झाडफूक करायला नेऊ नका. दवाखान्यात न्या.

समजा, लेकरानं काही खाल्लंच. मग काय करायचं? हे शांतपणे ऐका आणि घरातल्या पुरुष माणसांनाही सांगा. तोंडात उरलेलं बोटानं बाहेर काढा आणि चूळ भरायला लावा. उलटी मुद्दाम करवू नका. मिठाचं पाणी, तेल, तूप, ताक काही पाजू नका. घशात बोट घालू नका. उलटी श्वासनळीत गेली तर दुसरं संकट. लेकरू गुंगीत असेल तर एका कुशीवर झोपवा. लगेच १०८ नंबरला फोन करा, ती गाडी फुकट येते. गाडीला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनानं जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. आपल्या भागाला हिंगणघाटचं उपजिल्हा रुग्णालय आहे, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. जे खाल्लं त्याची फांदी, फळ, बी सोबत घ्या. किती वाजता आणि अंदाजे किती खाल्लं ते लक्षात ठेवा. डॉक्टरांना यावरूनच पुढं काय करायचं ते कळतं. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, त्याचा फुकट नंबर १८०० ११६ ११७. आणि एक सांगते. लेकरू आत्ता बरं दिसतंय म्हणून घरी थांबू नका. काही बियांचा परिणाम तासा-दोन तासांनी दिसतो, काहींचा त्याहून उशिरा. सोबत खेळणारी बाकीची लेकरंही विचारून घ्या. एकटं कोणी खात नाही. मात्र विचारताना मारू नका, रागावू नका. मार बसेल म्हणून लेकरू लपवतं आणि त्यात वेळ जातो.

आतापर्यंत झुडपाची ओळख झाली. पण आपल्या भागात एवढ्यानं भागत नाही. झुडूप बरोबर असलं तरी जागा चुकीची असू शकते.

आपला भाग कपाशीचा, सोयाबीनचा, तुरीचा. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. तेच औषध वाऱ्यानं धुऱ्यावरच्या बोरीवरही बसतं. कपाशीची फवारणी आटोपली म्हणून निर्धास्त होऊ नका. बोरं पिकतात त्याच दिवसांत तुरीवर अळीसाठी फवारणी चालू असते. म्हणून वावरवाल्याला विचारल्याशिवाय त्याच्या धुऱ्यावरचं काही तोडायचं नाही. परवानगी तर मागायचीच, आणि सोबत विचारायचं, काय फवारलं आणि कधी? धुऱ्यावरचं गवत एका सरळ पट्ट्यात पिवळं पडून जळालेलं दिसलं, की तिथं तणनाशक मारलेलं असतं. त्या पट्ट्यातली चिरबोटी, कामोनी सोडून द्या. फळ घरी आणलं की वाहत्या पाण्यात चोळून धुवा. पण धुतल्यानं सगळं औषध जातं असं नाही, म्हणून जागा निवडणंच महत्त्वाचं.

वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. रात्रंदिवस ट्रक चालतात. रस्त्याला लागून असलेल्या झुडपांवर धूळ आणि धूर बसलेला असतो. तिथली फळं नकोत. दोन वावरं आत चालत जा.

आणि गोळा कशात करायचं? टोपलं, कापडी पिशवी, पदराची ओटी. औषधाचा रिकामा डबा, कॅन, बियाण्याला औषध लावलेली पिशवी कधीही नाही. २०१३ साली बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. ते तेल औषधाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं होतं, असं तपासात पुढं आलं. डबा कितीही घासला तरी तो खाण्याच्या कामाचा राहत नाही. असा डबा घरात असेल तर आजच फोडून टाका.

तोडताना सगळं झुडूप ओरबाडू नका. थोडं पाखरांना, थोडं बी पडायला, थोडं मागून येणाऱ्या बाईला राहू द्या. फांदी मोडून फळ काढणारा पुढच्या वर्षीचं फळ घालवतो.

गावरान बोरं जास्त मिळाली तर वाळवून ठेवता येतात. चांगली धुवून, किडकी निवडून बाजूला काढून, कडक उन्हात खडखडीत वाळवायची. मग कुटून, आठोळ्या काढून, मीठ, गूळ घालून बोरकूट होतं. काही गटांना हे विकावंसं वाटतं. जरूर करा, पण पाकीट बंद करून विकायचं असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी घ्यावी लागते आणि पाकिटावर काय घातलं, कधी केलं हे लिहावं लागतं. 'उमेद'च्या किंवा माविमच्या ताईंना विचारा, त्या कागदपत्रं समजावून सांगतील. विकण्यासाठी मात्र एकच झुडूप धरा, ज्याच्यात कोणालाच शंका नाही, म्हणजे बोर. चिरबोटी-कामोनी विकायच्या भानगडीत पडू नका. आपण ओळखून तोडलं, तरी घेणाऱ्यानं त्याकडं बघून दुसरंच काही तोडलं तर?

आता शेवटचा मुद्दा, आणि मला वाटतं हाच महत्त्वाचा. ही झुडपं राहतात कुठं? धुऱ्यावर आणि पांदणीच्या दोन्ही कडांना. २०२१ साली पांदण रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू झाली. रस्ता हवाच आहे. पावसाळ्यात चिखलातून कापसाचं ओझं डोक्यावर आणणारी बाईच असते, तिला रस्त्याची किंमत सांगायला नको. पण जेसीबी आला की एका दिवसात दोन्ही बाजूंची कुपाटी उपटून जाते. त्यात बोर, येरोणी, वाघाटी सगळं गेलं. रस्ता आखतानाच सांगितलं तर एका कडेची जुनी झाडं ठेवता येतात. ते सांगायचं कुठं? ग्रामसभेच्या आधी महिलासभा घ्यायची असा आपल्या महाराष्ट्रात नियम आहे. तिथं हा विषय मांडा आणि ठरावात लिहून घ्या. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही असायला हवी. कोणती झाडं कुठं आहेत, त्यांचा उपयोग काय, हे तिच्यात लिहायचं असतं. त्या नोंदवहीत बायांना माहीत असलेलं किती उतरलंय, हे एकदा ग्रामपंचायतीत जाऊन बघा. बहुतेक माहिती आपल्याकडंच आहे, कारण निंदणाला आणि वेचणीला धुऱ्यानं चालणारी बाईच असते.

म्हणून प्रत्येक गटाला एक काम सांगते. पुढच्या बैठकीच्या आधी एक दिवस ठरवा. गटातली एक आजी घ्या, दोन सुना घ्या आणि शाळेत जाणाऱ्या चार मुली-मुलं घ्या. एकच पांदण निवडा आणि सकाळी तासभर चाला. पाच खाण्याची झुडपं आणि पाच विषारी झुडपं दाखवा. मुलांकडून वहीत लिहून घ्या : गावात काय म्हणतात, पान कसं, काटा कसा, कोणत्या महिन्यात, काय खायचं, कशाशी गोंधळ होतो. एकाच झाडाला दोन गावांत दोन नावं असतात, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, एक पान वहीत दाबून ठेवा. विषारी झुडपाच्या पानाखाली लाल रेघ मारा. आजी ज्याच्याबद्दल 'मला पक्कं आठवत नाही' म्हणेल, ते खाण्याच्या यादीत घालायचं नाही. पाहायला गेलेल्या दिवशी काही खायचंही नाही, नुसतं बघायचं. आणि धुऱ्यात पाय टाकण्याआधी काठीनं आवाज करा, पायात चप्पल-बूट असू द्या. साप तिथंच असतात.

मुलांना एक वाक्य पाठ करायला लावा : आईला दाखवल्याशिवाय तोंडात नाही. आणि आईलाही ओळखता आलं नाही, तर कोणाच्याच तोंडात नाही.

पुढच्या बैठकीत कर्जाची वही उघडायच्या आधी ही वही उघडा. मीही बघायला येईन. कोणत्या गटानं नवीन काही लिहिलं, ते याच कार्यक्रमात वाचून दाखवू. वेचणीला जाताना पाणी सोबत घ्या, आणि संक्रांतीला बोरं धुवूनच वाणात ठेवा.